'की नॉट डिटेक्टेड': गाडी आपलीच किल्ली ओळखेना, तेव्हा

किल्ली खिशातच आहे. कालपर्यंत हँडलला हात लावला की दार उघडायचं, आज उघडत नाही. कसंबसं आत बसावं, तर डॅशबोर्डवर 'की नॉट डिटेक्टेड' अशी पाटी, आणि स्टार्टचं बटण कितीही दाबलं तरी गाडी ढिम्म. जुन्या किल्लीचं एक बरं होतं. अडली तर जरा हलवून, उलटी घालून, तेलाचा थेंब सोडून बघता यायचं. इथे हलवण्यासारखं काही दिसतच नाही. त्यामुळे माणूस लगेच हात टेकतो आणि सर्व्हिस सेंटरला फोन लावतो. पलीकडून उत्तर येतं, "टो करून आणा, बघावं लागेल."

न्यावी लागली तर न्या, पण आधी थोडं थांबा. बऱ्याचदा गाडी जागच्या जागी सुरू करता येते, तीही किल्लीतला सेल पूर्ण मेलेला असताना. ते कसं, हे कळण्यासाठी गाडी आणि किल्ली एकमेकींशी काय बोलतात ते पाहू.

## किल्ली एक, आत ऐवज तीन

हातात मावणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या डबीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे आत दडवलेली पोलादी किल्ली. बाजूचा खटका सरकवला की ती बाहेर निघते. गाडी घेऊन चार-पाच वर्षं झाली तरी अनेकांनी ती पाहिलेली नसते. दुसरा रिमोट, ज्याच्या बटणांनी दारं आणि डिकी उघडतात. तिसरी एक इवलीशी चिप, आणि सगळा मान तिचा. इंजिन सुरू होऊ द्यायचं की नाही, हे तिच्या साक्षीवर ठरतं. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात: ओळख पटेपर्यंत इंजिन चालू न देणारा पहारा.

हा पहारा नवा नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे, कॅनडात २००७ पासून. अमेरिकेने सक्ती केली नाही, आणि त्याचा फटका तिथल्या गाडीमालकांना बसला. ह्युंदाई आणि किया यांच्या साध्या किल्लीवर चालणाऱ्या, २०११ ते २०२१ या काळातल्या अनेक गाड्यांमध्ये तिथे इमोबिलायझर नव्हता. २०२१-२२ मध्ये चोरीची युक्ती दाखवणारे व्हिडिओ समाजमाध्यमांवर पसरले. स्टेअरिंगखालचं झाकण तोडायचं, यूएसबी केबलच्या टोकाने स्विच फिरवायचा, गाडी सुरू. शहराशहरांतून इतक्या गाड्या गेल्या की कंपन्यांना सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं आणि स्टेअरिंगला लावायची लोखंडी कुलुपं फुकट वाटावी लागली. गाडीने अडवल्यावर तिच्यावर चिडायचा हक्क तुम्हाला आहेच, पण तो पहारा तुमच्याच बाजूने उभा आहे.

## हाक, उत्तर, पडताळणी

तुम्ही हँडलला हात लावता किंवा स्टार्टचं बटण दाबता, तेव्हा गाडी हाक मारते. ही हाक १२५ ते १३४ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे खूप कमी वारंवारतेवर असते, आणि मुद्दाम दबक्या आवाजात: मीटर-दीड मीटरपर्यंत पोहोचेल इतकीच. दारांची हँडलं, मधला कन्सोल, डिकी अशा ठिकाणी तिचे अँटेना बसवलेले असतात. या लहरींचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो. कुठल्या अँटेनाची हाक किल्लीला किती ठळक ऐकू आली, त्यावरून ती आत आहे की बाहेर याचा अंदाज गाडी बांधते.

हाक ऐकून किल्ली जागी होते आणि उत्तर देते, पण बऱ्याच वरच्या वारंवारतेवर. भारतात आणि युरोपात साधारण ४३३ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत आणि जपानमध्ये ३१५. या उत्तराला ताकद लागते ती किल्लीतल्या सेलची.

मग पडताळणी. गडाच्या दरवाजावर रात्री परवलीचा शब्द विचारतात असं समजा. शब्द रोज तोच असेल, तर झुडपात दबा धरलेला हेर तो ऐकून दुसऱ्या रात्री खुशाल आत येईल. म्हणून पहारेकरी आणि शिलेदार दोघांनी एक गुप्त हिशेब ठरवला. पहारेकरी दर वेळी नवा आकडा टाकतो, शिलेदार त्या हिशेबाने उत्तर काढून सांगतो. हेराने शंभर रात्री कान देऊन ऐकलं तरी उपयोग नाही, कारण आज विचारलेला आकडा उद्या विचारला जाणार नाही. गाडी आणि किल्ली हेच करतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत. खरं गुपित हवेतून कधी जातच नाही.

हाक, उत्तर, पडताळणी. यातलं काहीही तुटलं तरी डॅशबोर्डवर पाटी तीच येते. 'माझी हाक पोहोचत नाही' आणि 'किल्लीचा आवाज क्षीण आहे' यात फरक करणारा संदेश गाड्यांमध्ये का देत नाहीत, हे मला आजवर उमगलेलं नाही. तोवर तो फरक आपणच ओळखायचा.

## पहिला संशय सेलवर

आणि बऱ्याचदा तोच खरा निघतो. किल्लीत बटणाच्या आकाराचा ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो, बहुतेकदा सीआर२०३२. या आकड्यांत मापच लिहिलेलं असतं: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर२०२५ त्याच व्यासाचा, पण २.५ मिलिमीटर जाड. दुकानदार "चालतंय हो" म्हणून हा पातळ सेल हातात ठेवतो. व्होल्टेज सारखंच असल्यामुळे किल्ली कधी चालतेही. पण ०.७ मिलिमीटरच्या फटीमुळे तो किल्लीतल्या, वीज घेणाऱ्या पत्र्याला नीट चिकटत नाही, आणि मग खड्ड्यातून गेलं की ओळख गेली, किल्ली आपटली की आली, असा खेळ सुरू होतो. जुन्या सेलवरचा आकडा वाचा आणि तोच मागा.

सेल एका दिवसात मरत नाही. आधी रिमोट दुरून चालेनासा होतो, गाडीच्या जवळ जावं लागतं. मग बटण दोन-तीनदा दाबावं लागतं. थंडीत सेल आणखी मलूल होतो, त्यामुळे ही तक्रार अनेकदा पहाटेच्या गारठ्यात पहिल्यांदा जाणवते. बऱ्याच गाड्या डॅशबोर्डवर आगाऊ सूचनाही देतात, आपण ती ओके दाबून घालवतो.

सेल बदलायला शंभर रुपयेही पुरतात आणि चपटा स्क्रूड्रायव्हर असेल तर घरी करता येतं. जुना सेल काढताना त्याची अधिक खूण कुठल्या बाजूला होती ते बघून ठेवा. आतला पत्रा हिरवट किंवा पांढुरका झाला असेल तर खोडरबराने हलके घासा. पावसात भिजलेल्या किंवा धुण्यात गेलेल्या किल्ल्यांत, आणि कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत, हे हमखास दिसतं. लहान मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या त्यावर कडू लेप देतात, आणि काही उपकरणांत तो लेपच वीज पोहोचू देत नाही. अ‍ॅपलने आपल्या एअरटॅगबाबत ग्राहकांना तशी सूचना दिली आहे. नवा सेल घालूनही किल्ली गप्प राहिली, तर एकदा लेप नसलेला सेल घालून पाहा.

लेप कडू का करतात, हे इथेच सांगतो. गिळलेला लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर जखम करू शकतो. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका, आणि मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी दुखायची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

## "सेल काढला की किल्ली सगळं विसरेल ना?"

नाही. ही भीती घालून कोणी 'प्रोग्रॅमिंग'चे पैसे मागितले तर आधी कारण विचारा. किल्लीतलं गुपित वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत असतं. नुसता सेल बदलल्यावर पुन्हा नोंदणी करावी लागत नाही.

याच्या जवळची एक खरी अडचण मात्र आहे. बटण दाबून पाठवलेल्या प्रत्येक संदेशात पुढे सरकणारा एक क्रमांक असतो, म्हणजे कोणी संदेश टिपून ठेवला तरी तो शिळा ठरतो. घरात पोरांनी खेळता खेळता शेकडो वेळा बटण दाबलं तर किल्लीचा क्रमांक खूप पुढे जातो आणि गाडी मागे राहते. गाडीजवळ उभं राहून बटण लागोपाठ दोन-तीनदा दाबलं, किंवा त्याच किल्लीने गाडी एकदा सुरू केली, की बहुतेक गाड्यांत ताळमेळ परत बसतो. टोयोटाच्या काही गाड्यांत लॉकचं बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की किल्ली बॅटरी वाचवण्यासाठी झोपी जाते आणि तिचा दिवा चारदा लुकलुकतो. हे पोरांच्या हातून झालं तर मोठी माणसं गोंधळतात. कुठलंही बटण दाबलं की ती उठते.

## सेल मेला तरी गाडी सुरू होते

लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी पुरे. पोलादी किल्ली काढून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. कुलपाचं भोक दिसत नसेल तर ते हँडलच्या टोकाला प्लॅस्टिकच्या टोपीखाली असेल. टोपीला खालून खाच असते, तिथे किल्लीचं टोक घालून अलगद उचला. दार उघडताच काही गाड्या भोंगा वाजवतात, कारण त्यांच्या लेखी तुम्ही अजून परके. सोसायटीतले लोक बाल्कनीत येतील, येऊ द्या. ओळख पटली की भोंगा थांबतो.

आत बसून ब्रेक दाबा, गाडी हाताने गिअर बदलायची असेल तर क्लचही. मग किल्लीची डबी स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबा. मारुती, टोयोटा, ह्युंदाई यांच्या अनेक मॉडेलांत हीच पद्धत आहे. काही गाड्यांत ही जागा स्टेअरिंगच्या दांड्यापाशी, कप होल्डरच्या तळाशी किंवा कन्सोलच्या कप्प्यात असते. गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत, म्हणजे मॅन्युअलमध्ये, ती चित्रासकट दिलेली असते.

सेलच नाही, मग उत्तर देतं कोण? तीच इवलीशी चिप. तिला स्वतःचा सेल लागत नाही. त्या ठरावीक जागेमागे तारेचं वेटोळं असतं. किल्ली टेकवली की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ती गुप्त हिशेब करून उत्तर देते. तुमच्या काचेवरच्या फास्टॅगमध्येही सेल नसतो. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींतूनच तो आपली वीज घेतो. फरक अंतराचा: फास्टॅग काही मीटरवरून वाचला जातो, किल्लीची चिप मात्र जवळजवळ चिकटवावी लागते. म्हणून हवेत धरून नव्हे, खरोखर टेकवून दाबा. कव्हर जाड असेल तर काढा.

नव्या गाडीच्या डिलिव्हरीला हार, पेढे, नारळ, फोटो सगळं साग्रसंगीत होतं. त्यात हे दोन मिनिटांचं प्रात्यक्षिक शोरूमने दाखवायला हवं असं माझं ठाम मत आहे. नसेल दाखवलं तर येत्या रविवारी सेल काढून घराच्या दारात एकदा करून बघा. रात्री घाटात पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही.

## कधी कधी किल्ली बिचारी निर्दोष असते

टेकवूनही गाडी सुरू झाली नाही, तर नजर गाडीकडे वळवा. हाक मारणारी, ऐकणारी, पडताळणारी सगळी यंत्रणा गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ती उतरली की किल्ली कितीही ताजी असली तरी गाडीला काही ऐकू येत नाही. आतला दिवा मंद, हॉर्न घोगरा, स्टार्ट दाबल्यावर नुसती टकटक, असं असेल तर जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज जोडून सुरू करणं, हवा, नवी किल्ली नव्हे. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही यातून अंग काढून घेऊ नये. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी भरलेली असली तरी दारं आणि संगणक जागे करते ती वेगळी १२ व्होल्टचीच.

ब्रेकचा स्विच हा आणखी एक लपलेला चोर. ब्रेक दाबल्याची खबर मिळाल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आणि तो छोटा स्विच बिघडला की आपण दोष किल्लीला देतो. कोणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबल्यावर दिवे लागतात का विचारा. स्टेअरिंगचं कुलूप अडकलं असेल तर चाक डावी-उजवीकडे हलवत बटण दाबा.

सगळ्यात मोलाची परीक्षा मात्र कपाटात पडून असलेल्या दुसऱ्या किल्लीची. ती चालली तर दोष पहिलीत. दोन्ही चालल्या नाहीत तर दोष गाडीत किंवा जागेत.

## जागेत दोष?

हो, आणि हे वास्तुशास्त्र नव्हे. आजूबाजूला रेडिओलहरींचा कालवा असेल तर दबकी हाक आणि बारीक उत्तर दोन्ही त्यात बुडतात. गुन्हेगार बहुधा आपल्याच खिशात असतो: किल्लीला चिकटून मोबाइल, नाण्यांची पर्स. मधल्या कन्सोलवरचा वायरलेस चार्जर तर खास. मोबाइलचे असे चार्जर साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झवर काम करतात, आणि गाडीची हाक नेमकी त्याच पट्ट्यात येते. किल्ली चार्जरवर किंवा त्याला खेटून ठेवू नका.

बाहेरचे त्रासही असतात. टीव्हीचा मनोरा, विमानतळ, वीज उपकेंद्र यांच्याजवळ किल्ली नीट चालणार नाही असं मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेड गावी २०१९ च्या वसंतात काही गल्ल्यांमधल्या गाड्यांचे रिमोट आणि गॅरेजची दारं एकाएकी बंद पडली. जवळच नासाचं संशोधन केंद्र, त्यामुळे संशय तिकडे गेला. वीज कंपनीने संशयित ठिकाणचा पुरवठा बंद करून पाहिला तरी ३१५ मेगाहर्ट्झवरचा तो संदेश थांबेना. शेवटी तो सापडला एका घरात. इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेल्या रहिवाशाने, आपण तळघरात काम करत असताना वर कोणी आलं तर कळावं, म्हणून एक यंत्र बनवलं होतं. ते सतत लहरी सोडत होतं, आणि बॅटरीवर चालत असल्यामुळे वीज बंद करून काही फरक पडत नव्हता. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण अख्ख्या वस्तीच्या किल्ल्या मुक्या झाल्या.

एखाद्या ठरावीक पार्किंगमध्येच किल्ली रुसत असेल आणि चार गाड्या पलीकडे गेल्यावर चालत असेल, तर किल्लीवर खर्च करू नका. तिथे टेकवायची पद्धत वापरा. शेजारच्या गाड्यांनाही तोच त्रास आहे का विचारा.

## नवरा ऑफिसला, किल्ली त्याच्याच खिशात

गाडी सुरू आहे. नवरा ऑफिसपाशी उतरतो, बायको पुढे गाडी घेऊन जाते. एक पिपाणी वाजते, पाटी चमकते, ट्रॅफिकच्या गडबडीत तिकडे लक्ष जात नाही. गाडी छान चालत राहते. पंपावर पेट्रोल भरायला बंद करतात, आणि मग ती सुरू होत नाही, कारण किल्ली बारा किलोमीटर मागे एका मीटिंगमध्ये बसलेली असते.

गाडीने वाटेतच का थांबवलं नाही? धावत्या गाडीचं इंजिन 'किल्ली दिसत नाही' म्हणून बंद पडलं तर माणसं मरतील. सेल नेमका पुलावर संपला तर काय? म्हणून सुरू झालेली गाडी सहसा किल्लीवाचूनही चालू राहते, फक्त बजावते. ती पिपाणी ऐकली तर गाडी बंद न करता उलटी वळवा.

## "मग असली किल्ली सुरक्षित तरी आहे का?"

अर्धी. गुप्त हिशेब फोडणं अवघड आहे, पण चोराला तो फोडावाच लागत नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक यंत्र गाडीपाशी, दुसरं किल्लीपाशी, आणि मधे फक्त निरोप इकडून तिकडे. गडाचाच दाखला द्यायचा तर हेर आता उत्तर चोरत नाही, तो निरोप्या होतो. पहारेकऱ्याचा आकडा धावत जाऊन दूर झोपलेल्या शिलेदाराला विचारतो आणि त्याचं उत्तर आणून देतो. दहाही गाड्या फसल्या, कारण किल्ली जवळ आहे हे त्या नुसत्या मानत होत्या, मोजत नव्हत्या.

नव्या पिढीतल्या काही किल्ल्या मोजतात. अल्ट्रा-वाइडबँड नावाच्या रेडिओत उत्तर यायला लागलेला वेळ धरला जातो. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे निरोप्याची धावाधाव उघडी पडते. मोबाइललाच किल्ली बनवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात २०२१ मध्ये हे तंत्र आलं. तुमच्या किल्लीत ते नसेल तर रात्री किल्ली घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, मुख्य दाराजवळच्या खुंटीला नको. डबा कामाचा आहे का, हे बघायला किल्ली त्यात ठेवून गाडीपाशी जा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर दुसरा डबा शोधा.

## नवी किल्ली घ्यावीच लागली तर

चिप फुटली किंवा किल्ली हरवली, तर दुसरा इलाज नाही. खर्च मॉडेलप्रमाणे काही हजारांपासून पुढे कुठेही जातो. निदान एक चालू किल्ली हाताशी असेल तर काम सोपं असतं. एकही नसेल तर बऱ्याचदा गाडी उचलून न्यावी लागते आणि बिल फुगतं. म्हणजे दुसरी किल्ली हरवल्यावर नाही, पहिली हरवल्यावरच हालचाल करायची. पोलिसांत हरवल्याची नोंद करा. पुढे गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी साधारणपणे दोन्ही किल्ल्या मागते, आणि एक कुठे गेली याचा कागद दाखवावा लागतो. पॉलिसीत किल्ली बदलण्याचं जोडसंरक्षण घेतलेलं असेल तर तेही इथेच कामी येतं.

नवी किल्ली नोंदवताना हरवलेलीची नोंद गाडीतून पुसायला सांगा, ते आपोआप होईल असं धरून चालू नका. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर हे पहिल्या आठवड्यातच करावं. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून गाडीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते बघून घ्या. हातात दोन आणि नोंद तीन निघाली, तर तिसरी पुसून घेतल्याशिवाय गाडी तिथून हलवू नका.